बाटलीत भरलेलं पाणी

हे मी घरातल्या माणसालाही कधी सांगितलेलं नाही. चौथी शिकलेय, लिहायला वेळ लागतो — बरंच आहे. तोंडानं सांगायला गेले असते तर मध्येच गप्प झाले असते.

आमची गल्ली गावाच्या खालच्या अंगाला, प्रवरेकडे उतरणारी. नळाचा पाइप गटारातूनच आलाय. पाणी सकाळी थोडा वेळ येतं, तेही पिवळट, वास मारणारं. शेजारच्या शकुंतलाआक्का त्यावरून पंचायतीत भांडायच्या. बाकीच्या आम्ही? मान खाली घालून हंडे भरायचो.

आक्कांनी तालुक्याला तक्रार केली तेव्हा एक साहेब आले — भर दुपारी, नळ गेल्यावर. पाणी तपासायला येणाऱ्याला पाणी कधी येतं हे विचारावंसं वाटू नये? गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. ग्रामसेवकानं माझ्या हातात बाटली दिली, सकाळचं नळाचं भरून द्या म्हणाला. माझं दार पहिलं, म्हणून मी. आक्का रानात होत्या.

मोरीतल्या पिंपात नळाचं पाणी होतं, जसं आलं तसं, वर तवंग. चुलीशेजारच्या हंड्यात प्यायचं — तुरटी फिरवून, गाळून, उकळलेलं. दारी आलेल्याला आम्ही हंड्यातलंच देतो. पण हे प्यायला नव्हतं, तपासायला होतं — आणि ते मला कळत होतं. तरी पिंपाशी वाकले आणि लाज वाटली. आपल्या घरातून असलं पाणी साहेबांच्या हातात जायचं?

मी हंड्यातलं भरलं.

पाणी चांगलं निघालं. ग्रामसभेत सरपंच म्हणाले, "आक्का, आता पान्याची न्हाई, तुमच्या नाकाचीच तपासनी करू." लोक हसले. हा माणूस स्वतःच्या घरी जारचं पाणी आणतो, आणि तो हसत होता. आक्का माझ्याकडे वळल्या.

"सुमन, तू सांग की. बाटली तू भरली ना? नळाचंच हुतं ना ते?"

त्यांना वाटत होतं, मी तरी खरं काय ते सांगेन.

"व्हय, नळाचंच," मी म्हणाले.

आक्का खाली बसल्या.

पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या पोटुशी सुनेला कावीळ झाली. सून वाचली, पोटातलं मूल गेलं. ती अंथरुणावर होती तेव्हा मी रोज उकळलेलं पाणी नेऊन द्यायचे. आक्का म्हणायच्या, तुझ्यासारखी शेजारीण मिळायची न्हाई. मी ते ऐकून घ्यायचे — रोज.

राग येतो मला. गाडीत बसून राहिलेल्या साहेबांचा, दात काढणाऱ्या सरपंचाचा, चांगला पाइप टाकायला हात न उचलणाऱ्या पंचायतीचा. त्यांनी जाणूनबुजून डोळे झाकले, यात मला शंका नाही. पण ती बाटली त्यांच्यापैकी कुणी भरली नव्हती. आणि सभेत मला कुणी दम दिला नव्हता. सुमन लाजाळू आहे, असं सगळे म्हणतात. खोटं बोलताना कुठं गेली होती लाज?

पाइप आजही गटारातच आहे. कुणी वासाचं नाव काढलं की ग्रामसेवक एवढंच म्हणतो — तपासलंय. लोक गप्प होतात. आक्का आता तक्रार करत नाहीत. त्या खरं बोलत होत्या, आणि चारचौघांत त्यांना खोटं मी पाडलं.