उजवा बाण, उजवा बाण

संघटनेतल्या ज्या ताईंनी मला पत्रक लिहायला शिकवलं, त्यांचा नियम एकच होता. कुठे, कधी, कशासाठी, हे पहिल्या तीन ओळींत आलं पाहिजे. पत्रक ज्याच्या हातात पडतं त्याला बस पकडायची असते, तुमची नक्षी बघायला तो थांबणार नाही. मी त्या नियमावर वाढले. म्हणून आमच्या वसाहतीच्या ग्रुपवरचे बाण दिसले की माझ्या डोक्यात तिडीक उठते.

बाण म्हणजे हे: ➤➤➤ ⇨⇨⇨ ➳➳➳. पाण्याची वेळ बदलली, बाण. कुणी वारलं, तरी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या दोन्ही बाजूंना बाण. हे सगळं ग्रुपच्या ॲडमिनचं काम. त्याला सगळे दादा म्हणतात. त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे, आणि रिकामी जागा दिसली की त्याचा हात शिवशिवतो. कुठल्याशा वेबसाइटवर बाणांची जत्रा भरलेली असते, तिथून तो उचलतो आणि चिकटवतो. लोकांनाही आता सवय झाली आहे. बाण नसलेला मेसेज म्हणजे अफवा, बाण असला की अधिकृत. एकदा मी वीज जाणार असल्याचं साधं कळवलं, तर खाली प्रश्न आला, ‘दादा, हे खरं आहे का?’

एकलहऱ्याकडच्या रस्त्याचं रुंदीकरण झालं आणि आमचा सिटी बसचा थांबा पलीकडच्या बाजूला गेला. मधून औष्णिक वीज केंद्राच्या राखेचे टँकर सुसाट जातात. तरण्या माणसाला पळत ओलांडता येतं. आमच्या गल्लीतल्या मावशींना येत नाही. साखरेनं त्यांचे डोळे नेलेत, आता फक्त उजेड-अंधार कळतो. त्या शहरातल्या एका पाळणाघरात कामाला आहेत. लेकरं त्यांच्या आवाजावर झोपतात. पण ओलांडून देणारं कुणी भेटेपर्यंत त्या रस्त्याकडेला उभ्या राहायच्या, आणि पाळणाघराच्या बाईंनी तोंडावर सांगितलं होतं, “मावशी, असंच उशिरा येणार असाल तर मला दुसरी बाई बघावी लागेल.”

थांब्याबद्दल महापालिकेच्या साहेबांपुढे सुनावणी ठरली तेव्हा मी मावशींनाच बोलायला उभं करायचं ठरवलं. त्या मूळच्या चांदवडच्या, बोलायला फटकळ. मी भाषण लिहून देते म्हटलं तर मला म्हणाल्या, “तू नको लिहू गं. मी साहेबाला येवढंच म्हननार हाय, चला, डोळे मिटा, अन् माझ्यासंगं ह्यो रस्ता वलांडा.”

यापेक्षा चांगली ओळ मला जन्मात सुचली नसती.

सुनावणीच्या सकाळी जागा बदलली. आधी एका मंगल कार्यालयात होती, ती शाळेच्या हॉलमध्ये नेली. मी ताबडतोब ग्रुपवर टाकलं: ‘सुनावणी आता शाळेच्या हॉलमध्ये. अकरा वाजता. सगळ्यांनी या.’ आणि हॉल उघडून घ्यायला धावले. दादानं माझा मेसेज उडवला. ॲडमिनला ते जमतं. त्याच्या जागी त्यानं आपला सजवलेला टाकला. वर तीन ओळी बाण, मग ‘जाहीर सूचना’, पुन्हा बाण, आणि शाळेचं नाव पार तळाला.

मावशींचा फोन मेसेज बोलून दाखवतो. त्यांनी बोट ठेवलं आणि फोन सुरू झाला: उजवा बाण, उजवा बाण, उजवा बाण. थांबेचना. त्यांना वाटलं, मोबाइल बिघडला. त्यांनी तो पिशवीत टाकला आणि शेजारणीला रिक्षा थांबवायला सांगून ठरलेल्या मंगल कार्यालयात गेल्या. तिथं साड्यांचा सेल लागला होता.

इकडे हॉलमध्ये साहेबांनी विचारलं, “या थांब्यामुळे प्रत्यक्ष त्रास झालेलं कोणी आहे का?” मी मावशींना फोन लावत होते. तो पिशवीत वाजत राहिला. मी उठून बोलले. साहेब म्हणाले, “तुम्हाला स्वतःला त्रास आहे का?” मी खोटं कसं बोलू? ते पुढच्या विषयाकडे वळले.

संध्याकाळी मी मावशींना घेऊन थेट दादाच्या दुकानात गेले. त्यांचा फोन काउंटरवर ठेवला आणि त्याचाच मेसेज त्याला ऐकवला. पहिल्या ओळीला तो हसला.

“भारी आहे की हे!”

“ऐक पूर्ण,” मी म्हटलं.

दुसऱ्या ओळीला त्याचं हसू गेलं. तिसरीला तो फोन बंद करायला पुढे झाला, तर मावशींनी त्याचा हात धरला. “ऱ्हाऊ दे. मला बी येवढंच ऐकू आलं व्हतं.”

“मावशी, चुकलं. पण खरं सांगतो, सजवल्याशिवाय लोक वाचत नाहीत.”

“आन् सजवल्यावर मी नाय वाचत. मंग मी लोकांत नाय व्हय?”

त्यानं कान पकडले. मला वाटलं, बाण संपले एकदाचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर मेसेज आला: ➳➳➳ जाहीर दिलगिरी ➳➳➳. खाली लोकांनी जोडलेल्या हातांची रांग लावली.

पुन्हा सुनावणी घ्या म्हणून आम्ही मागणी केली आहे. ‘कळवू’ म्हणालेत. तोवर रोज सकाळी मी मावशींचा हात धरून रस्ता ओलांडते, कारण ती नोकरी माझ्या डोळ्यांदेखत जाऊ द्यायची नाही. आधी रस्त्याच्या कडेला आम्ही थांबतो. टँकर घरघरत येतो, राखेची कचकच दाताखाली येते.

“कुनीकडून येतोय?” मावशी विचारतात.

“उजवीकडून.”

“उजवा बाण,” त्या म्हणतात आणि खुदखुदतात.

मला हसू येत नाही. मी टँकर जायची वाट बघते.