डबीतला खडा

माइक हातात आला की मला काहीही बोलता येतं. शिरूरपासून दौंडपर्यंत लग्नांत, सत्कारांत, दशक्रियांत मी बोलतो. नवरदेवाच्या मामाचं नाव विसरलो, तरी दोन विनोदांत वेळ मारून नेतो. पण ही एक गोष्ट माझ्या तोंडून आजवर निघालेली नाही. बायकोपुढेही नाही – आणि तिला तर ती माहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी पुण्यात माझं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. वेळेत कळलं, म्हणून निभावलं. नळी निघाली, घरी आलो आणि पाहतो तर काय – खोकलो की लेंगा ओला, हसलो की लेंगा ओला. लोकांना हसवून पोट भरणारा माणूस, त्यालाच हसायची चोरी. बाकी काय काय गेलं, ते तुम्ही समजून घ्या. लोकांच्या असल्या गोष्टी मी जन्मभर मीठमसाला लावून सांगितल्या. आता माझी दुसऱ्या कुणी सांगायची? छे.

म्हणून मुतखडा काढला, असं सांगत सुटलो. पण नुसतं सांगून भागतं का? अंगणातला एक खडा निवडला, घासून धुतला, प्लास्टिकच्या डबीत कापसावर ठेवला. येईल त्याला डबी उघडून दाखवायचो. बघा, एवढ्याशा खड्यानं एवढा गडी आडवा केला. लोक हळहळायचे, मग हसायचे. मीही हसायचो – जपून. मजा यायला लागली होती, खोटं कशाला बोलू?

मग एका दुपारी आप्पा आले. आमच्या बांधाला बांध लागून त्यांचं शेत. माझे वडील गेल्यावर माझ्या लग्नाची सगळी धावपळ याच माणसानं केली होती. त्यांनी डबी पाहिली, पण परत दिली नाही. बाकीचे उठून जाईपर्यंत ती मुठीत धरून बसले.

मग खाली बघत म्हणाले, "बाळू, मलाबी तसंच व्हतंय. थांबून थांबून व्हती. परवा रगत दिसलं. दुसरं काय तर नसंल ना? तुज्याच डाक्टराकडं जावं म्हणतो. तू येतोस का संगं?"

माझं अगदी असंच सुरू झालं होतं. तेव्हा काय म्हणायला हवं होतं, हे माझ्याइतकं त्या घरात कुणाला ठाऊक होतं? पण माझ्या डॉक्टरच्या दारावरच्या पाटीत कॅन्सर हा शब्द होता. ती पाटी आप्पांनी वाचली असती.

"आप्पा, खडाच तो," मी म्हणालो. "चिरफाड कशाला करताय? कुळथाचं कढण प्या, पडून जाईल."

आत भांडी घासायचा आवाज थांबला. बायको बाहेर आली नाही.

आप्पांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं. जाताना त्यांनी डबी मागून नेली – काकूंना दाखवायला.

आठ महिने आप्पा कढण पीत होते. आठ महिन्यांत किती दुपारी येतात, हो? बांधावरून ते हात वर करायचे, बरं वाटतंय म्हणून. मीही हात वर करायचो. मग कंबर धरली, चालणं सुटलं. मुलांनी पुण्याला नेलं, तेव्हा ते हाडांत उतरलेलं होतं.

दशक्रिया भीमेच्या घाटावर झाली. माइक अर्थातच माझ्याकडे होता. भाषणं सुरू व्हायच्या आधी काकू आल्या आणि माझ्या हातात डबी ठेवली.

"तुमची राहिली व्हती आमच्याकडं," त्या म्हणाल्या. "रोज उघडून बघायचे. म्हणायचे, बाळूचा निघाला, माझाबी निघंल."

मी डबी झब्ब्याच्या खिशात टाकली, माइकपाशी गेलो आणि श्रद्धांजलीसाठी पहिल्या वक्त्याचं नाव पुकारलं. त्या दिवशी माझा आवाज फार छान लागला होता, असं सगळे म्हणाले.