बामच्या बाटलीतला खळगा

तारापूरच्या एमआयडीसीत बाम बनवणारा एक लहान कारखाना आहे. चिंतू वरठा तिथे सव्वीस वर्षं एकाच जागी उभा राहिला, वितळलेला बाम बाटलीत सोडणाऱ्या नळापाशी. वाणगावच्या पूर्वेकडच्या पाड्यावरून सायकलने यायचा. भोंग्याआधी पाव तास हजर. बसून केलेल्या कामाला तो काम म्हणत नसे.

निवृत्तीला तीन महिने उरले आणि बाटल्यांत खळगे पडू लागले. बाम थिजला की मधोमध बोट जाईल एवढा खड्डा. दुकानदारांनी माल परत धाडला. नवे केमिस्ट दिग्विजयसाहेब चहाच्या सुट्टीत म्हणाले, "चिंतूकाका, वय झालं. हात थरथरतो, माप चुकतं. सोमवारपासून गेटवर बसा. तीन महिने आरामात जातील."

बसा! चिंतूला तेच झोंबलं. सव्वीस वर्षांच्या शेवटी चुकलेल्या मापाचा डाग घेऊन घरी जायचं? झाकणं लावणाऱ्या सपनाने त्याला काठोकाठ चहा दिला होता. तो कप त्याने साहेबांपुढे हात लांब करून धरला. धरूनच ठेवला.

"थेंब सांडला का बघा. हात नाय थरथरत, साहेब. तुमचा पंखा थरथरतो."

सपना फिसकन हसली. माल लवकर गार व्हावा म्हणून साहेबांनी गेल्याच महिन्यात दोन मोठे पंखे बसवले होते.

"पंख्यामुळे रोज दोन ट्रॉल्या जास्त निघतात," साहेब चिडून म्हणाले. "बाम म्हणजे काय, ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

टोमणा मारला खरा, पण साहेब केळव्याच्या मास्तरांचा मुलगा. सांगायला लागले की राग विसरायचे. म्हणाले, "इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून घेतला. फ्रेंचांना तो लॅटिनमधून मिळाला, लॅटिनला ग्रीकांकडून. मूळचा तो अरबस्तानाकडचा असावा. तिथल्या एका झुडपाच्या सालीला खाच पाडायची, थेंब थेंब चीक गोळा करायचा. फार मोलाचा. आधी त्या चिकालाच बाम म्हणत. मग कुठल्याही सुगंधी लेपाला म्हणायला लागले, मग दुखणं शमवणाऱ्या कशालाही. पुढे तर धीर देणाऱ्या शब्दांनासुद्धा."

चिंतूने कप खाली ठेवला. "खाच पाडून? म्हणजे आमचाच धंदा की!"

विशीपर्यंत तो बापाबरोबर डोंगरात धावड्याचा डिंक काढत होता.

"खाच पाडली की आमी निघून यायचो. आठ दिवस झाडाला हात नाय लावायचा. घाईने खरवडला तर वरून कडक, आत पातळ. हातात नुसता चिकटा. डिंक कुणी पंख्याने सुकवतो का, साहेब? तुमच्या बाटलीचं तेच होतं. वारा वरचा थर आधी कडक करतो. आतला मागाहून थिजतो, आकसतो, नि वरच्याला खाली ओढतो."

साहेबांनी परत आलेल्या मालातली एक बाटली उचलून खळग्यात बोट घातलं. कॉलेजात हे शिकले होते. कुणी झाड दाखवून सांगितलं नव्हतं.

"एक ट्रे," ते म्हणाले. "पंख्याशिवाय."

चिंतूने थर्मामीटर पुसून टाकीत धरला. आकडा हवा तिथे आल्यावरच नळ सोडला. बाटल्या करंगळीभर कमी भरल्या. वर पुठ्ठा झाकला आणि शेजारी उभा राहिला. अर्ध्या तासाने पुठ्ठा उचलून उरलेला बाम ओतला, पुन्हा झाकला. पुन्हा उभा.

"काका, बसा जरा," सपना म्हणाली. "बाटल्या काय पळून जातात?"

"साहेबाला बघून पळतील."

दोन तासांनी पुठ्ठा काढला. एकूण एक बाटली सपाट, तळ्यातल्या संथ पाण्यासारखी. पंख्याखालच्या ट्रेमध्ये निम्म्या बाटल्यांना खळगे. साहेबांनी दोन्हींवरून बोट फिरवलं. मग स्वतः भिंतीपाशी जाऊन पंखे बंद केले.

"दोन ट्रॉल्या कमी पडतील, काका."

"मी तासभर आधी येतो. भोंगा व्हायच्या आत पहिली ट्रॉली झाकून ठेवतो."

"मग गेटचं राहू द्या. पण तीन महिन्यांत सपनाला हे सगळं शिकवाल?"

चिंतूने सपनाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ती झाकणांच्या टेबलाशी स्टुलावर बसली होती.

"शिकवीन," तो म्हणाला. "पण ते स्टूल घेऊन यायचं नाय."