लांडगिणीच्या दारातला घास

गेल्या येळवशीला जे झालं ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. सांगताना छातीत काही हलेल, असं आधी वाटायचं. आता तेही वाटत नाही. म्हणून सांगून टाकतो.

आमचं शेत पोखर्णीच्या रस्त्याला, गायरानाला लागून. दिवाळीनंतर गायरानातल्या ओघळीत एक लांडगीण व्याली. लांडग्यांचा अभ्यास करायला पुण्याहून एक मॅडम यायच्या, वयानं माझ्या पुतणीएवढ्या. गायरान दाखवायला मीच त्यांच्यासोबत हिंडायचो. बीळ सापडलं तेव्हा त्यांनी समोरच्या बाभळीला एक कॅमेरा बांधला. पुढ्यात काही हललं की त्याचा आपोआप फोटो निघतो.

"काका, आता इकडं कोणी फिरकायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीसुद्धा नाही. लांडगे फार थोडे राहिलेत. ही पिल्लं जगली पाहिजेत."

"मॅडम, तुमी घोर करू नका," मी म्हणालो. "माझ्या पोटातलं ओठावर येत न्हाई."

आणि खरंच येऊ दिलं नाही. गावात कळलं असतं तर बिळात काटे कोंबून धूर लावला असता लोकांनी. त्यांचंही काय चुकतं म्हणा, ज्याचं शेरडू जातं त्यालाच कळतं. शेजारचा एकजण शेरडं घेऊन तिकडंच जायचा. त्याला मी ठोकून दिलं की ओघळीत घोणस निघाली, चांगली मनगटाएवढी. आठ दिवसांत गावभर झालं. लोकांनी त्या घोणशीची लांबीसुद्धा वाढवली. ओघळीकडं चिटपाखरू फिरकेना. लय शहाणा समजायलो होतो मी स्वतःला.

सांगितलं फक्त आईला. ती म्हणाली, "लेकुरवाळी हाय बिचारी. असू दे."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं चूल घरी पेटते, पण जेवण रानात. आंबील, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे डोक्यावर घेऊन अख्खं गाव शेतात जातं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पूजा होते. आणि आमच्या घराची रीत अशी, की माणसं जेवायच्या आधी शेतात जे जे राहतं त्याला घास द्यायचा. ज्वारीला आंबील शिंपडायची, वारुळाला ठेवायचं, वर्षभर भुईमुगावर ताव मारणाऱ्या उंदराच्या बिळालाही ठेवायचं. हे काम घरच्या कर्त्याचं, म्हणजे वडील गेल्यापासून माझं.

त्या दिवशी आईनं एक द्रोण जास्त भरला. भज्जी, वर दोन उंडे, वर तुपाची धार.

"हा लेकुरवाळीचा," ती म्हणाली.

मॅडमचं बोलणं आठवलं नाही असं नाही. चांगलं आठवलं. पण वर्षाचा सण, आईनं भरलेला द्रोण, तो मागं कसा ठेवायचा? आणि खोटं कशाला बोलू, मलाच पिल्लं बघायची होती.

गेलो. लांडगीण कुठं गेली होती कोण जाणे. बिळाच्या तोंडाशी चार पिल्लं होती, काजळी रंगाची. तीन आत पळाली. चौथं थांबलं, माझ्याकडं बघितलं आणि शिंकलं. मला हसू आलं. द्रोण ठेवला, हात जोडले आणि परत आलो.

मानवतचे पाहुणे आले होते. पोटभर जेवलो. कोपीच्या सावलीत आडवा झालो. दुपार कलताना ओघळीकडून कुत्री भुंकायला लागली. येळवशीला गावातली सगळी कुत्री माणसांमागं रानात येतात, त्यांच्याकडं बघतो कोण? भांडत असतील खरकट्यावर, असं म्हणून मी कूस बदलली.

थोड्या वेळानं आमचं तांबडं कुत्रं आलं. माझ्याजवळ बसून शेपूट हलवायला लागलं. त्याच्या जबड्याला काजळी रंगाची लव चिकटली होती.

मी उठलो. पाणी प्यालो. मग गेलो.

द्रोण चाटूनपुसून साफ होता. चारही पिल्लं ओघळीत पडली होती. मी तिथं बसलो. रडू आलं नाही, राग आला नाही. पँटला लागलेली कुसळं एक एक करून काढली, सगळी काढली आणि परत आलो.

"खाल्लं का रं त्यांनी?" आईनं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. "द्रोण साफ हाय."

चार दिवसांनी मॅडम आल्या. कॅमेऱ्यातले फोटो त्यांनी तिथंच बाभळीखाली उघडले. येळवशीच्या फोटोंत आधी मीच होतो. हात जोडलेला, डोळे मिटलेला. माझ्या पायांमागं तांबडं कुत्रं, नाक वर करून. ते माझ्या मागं आलं होतं हे मला त्या फोटोतच कळलं. त्यानंतर तेच कुत्रं, आणि त्याच्यासोबत पाच-सहा. शेवटच्या फोटोंत लांडगीण. लागोपाठ तीन दिवस संध्याकाळी ती आली होती आणि बिळाच्या तोंडाशी बसून राहिली होती.

मॅडमनी फोटो बंद केले. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही काही मुद्दाम नाही केलंत."

त्याचाच मला संताप आला. शिव्या घातल्या असत्या तर निदान कुठंतरी लागलं असतं. त्यांनी कॅमेरा सोडून घेतला. पुन्हा त्या आल्या नाहीत.

कुत्र्याला मी मारलं नाही. कुत्र्यानं कुत्र्याचं काम केलं. त्याला वाट दाखवणारा मी. गावाला अडवायला घोणस उभी केली आणि घरचं कुत्रं सोबत घेऊन गेलो. रोज संध्याकाळी त्याला भाकरी टाकतो. ते खातं, मी बघतो.

परवा यंदाची येळवस झाली. कोपीत पूजा आटपली, मी आंबील शिंपडून आलो. आईनं द्रोण पुढं केला. गेल्या वर्षीपेक्षा मोठा, वर पाच उंडे.

"आता थोर झाली असतील पिल्लं," ती म्हणाली. "दोन उंड्यांनी काय व्हायचंय त्यांना?"

सांगायला तोंड उघडलं होतं. ती द्रोणावर तूप सोडत होती, थेंब सांडू नये म्हणून हात सावरत. मी तोंड मिटलं. द्रोण घेतला.

कोपीच्या सावलीत तांबडं कुत्रं झोपलं होतं. द्रोण हातात बघून ते उठलं, अंग झटकलं आणि माझी वाट न बघता ओघळीकडं पुढं चालायला लागलं.