भंडारा लागलेला अ‍ॅप्रन

भंडाऱ्याचा वास आला की मला माणदेशातलं आमचं धुणं आठवतं. पाणी टँकरचं, म्हणून एकाच बादलीतल्या साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत आणि शेवटी वडिलांचे मेंढरांमागचे कपडे, अशी आईची शिस्त. कॉलेजच्या शेवटच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या सकाळी वडील जत्रेहून आले आणि तेवढीच मदत म्हणून भंडाऱ्यानं माखलेला सदरा त्यांनी थेट बादलीत बुडवला. आत माझा एकुलता एक अ‍ॅप्रन भिजत होता. तो लालभडक झाला. "आवं, पोरीची उद्या परीक्षा हाय!" आई ओरडली. "देवाचा भंडारा हाय, वंगाळ न्हाई व्हायचं," वडील पुटपुटले. मी म्हटलं, "हळदीला साबण लागला की ती लाल हुती. चांगल्या पाण्यात खळबळून उन्हात टाकू, उडंल." "कालेजात धुणं शिकवत्यात व्हय गं?" असं म्हणत आईनं बादलीतलं साबणाचं पाणी ओतून दिलं आणि प्यायच्या पाण्याचा हंडा तिच्यात रिकामा केला. दिवसभर अ‍ॅप्रन मेंढरांच्या वाड्याच्या काटेरी कुंपणावर वाळला आणि वडील समोर बसून शेरडं हाकलत राहिले. संध्याकाळपर्यंत डाग उडाला. दुसऱ्या दिवशी तोच घालून मी प्रॅक्टिकल दिलं. आज मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मीच.