आजोबांची पाठ

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, "आजी, या वयात तुझी स्किन इतकी छान कशी? काय लावतेस, काय खातेस, मला लिहून पाठव ना." मी डाळीचं पीठ, साय असं काहीतरी बोलून विषय बदलला. ते खोटं नव्हतं, पण उत्तरही नव्हतं. खरं उत्तर आजोबांच्या आजारपणात आहे. ते लिहायला आज दुपार मोकळी आहे. हल्ली सगळ्याच दुपारी मोकळ्या असतात.

अर्धांगाच्या झटक्यानंतर आजोबा आळे गावातल्या या घरात, पुढच्या खोलीत अंथरुणाला खिळले, एवढं तुम्हाला माहीत आहे. डावी बाजू गेली होती. जीभ जड झाली होती, तरी ते काय बोलतात ते समजायचं. दवाखान्यातून घरी आणल्यावर ते मला म्हणाले, "बाई, एक काम कर. माझी पाठ आईवानी होऊ देऊ नको."

मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून लग्नापासून ते मला बाईच म्हणत. त्यांची आई याच खोलीत गेली. पडून पडून तिच्या पाठीला जखमा झाल्या होत्या आणि त्या ते स्वतः धूत असत. मी "बरं" म्हणाले. ते उठून चालू लागतील का, याबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही.

मग दिवसाला शाळेसारखं वेळापत्रक लागलं. सकाळी कोमट पाण्याने अंग पुसायचं. साबण बंद केला, कारण इथलं बोअरचं पाणी जड आहे, त्यात साबण लावला की कातडी ताणते. त्याऐवजी मसुराचं पीठ दुधात कालवून हलक्या हाताने लावायचं. जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने टिपायचं, घासायचं नाही. मग आळेफाट्याच्या घाण्यावरचं तिळाचं तेल. खाली भाड्याने आणलेली हवेची गादी, तिच्यावरच्या चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. घड्याळ बघून कूस बदलायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कातडी आतूनही पोसावी लागते, म्हणून मुगाचं कढण, उकडलेलं अंडं, दूध. पाणी प्यायला ते कुरकुर करत, मग ताक.

"बाई, लोणचं घालतीस का माझं?" तेल लावताना ते म्हणायचे.

"हो. आणि बरणीतली फोड बोलत नसते."

थंडीत त्यांच्या माकडहाडावर लाल डाग दिसला. बोटाने दाबला तरी पांढरा पडत नव्हता, म्हणजे जखमेची सुरुवात. शेजारच्या घरातून धाकटी जाऊ आली. तिने वाकून पाहिलं.

"अवो ताई, एवढं काय घेऊन बसलात? हळद-तेल घ्या आन चांगलं रगडा. रगात फिरलं की जातंय."

"चोळायचं नाही, असं दवाखान्यातल्या नर्सने सांगितलंय."

"नर्सला काय कळतंय? आमच्या म्हशीची पाठ आमी चोळूनच बरी केली."

आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिकडूनच म्हणाले, "तुझी म्हस उठून चरायला जायची गं. मी कुठं जातो?"

जाऊ हसली. मग खाटेपाशी बसली आणि मी त्यांना कुशीवर घेईपर्यंत तिने उशी धरून ठेवली. त्यानंतर रोज येऊ लागली. आम्ही त्यांना पाठीवर टेकूच दिलं नाही. पुढे डाग फिका झाला आणि विरला. मला आनंद व्हायला हवा होता. मी चादर बदलली.

उन्हाळा लागताना एका दुपारी ते गेले. मी कूस बदलायला गेले तेव्हा कळलं. कूस मी तरीही बदलली.

बाहेर अंगणात पुरुषांनी त्यांना अंघोळ घातली. धाकटे दीर ओल्या हातांनी दारात आले, तेव्हा मी एवढंच विचारलं, "पाठ पाहिलीत का?"

"वहिनी, साधा ओरखडा न्हाई. लेकराची असावी तशी पाठ व्हती दादाची."

हे ऐकून जाऊ मोठ्याने रडायला लागली. मला काही वाटलं नाही. ऐकलं, एवढंच. तुम्ही तिकडून व्हिडिओ कॉलवर पाहत होतात. आजी किती धीराची आहे, असं तुमच्यातलं कोणीतरी म्हणालं. तो धीर नव्हता. काय होतं, ते मला अजून सांगता येत नाही.

तर धाकटे, माझी कातडी चांगली दिसते, कारण त्या दिवसांत माझे हात सतत तेलात असत, आणि उरलेलं कढण मीच प्यायचे. वेगळं मी काही केलं नाही. तूही साबण कमी लाव, अंग घासू नको, टीप. मुगाचं कढण तिकडेही करता येईल.

पुढच्या खोलीतली खाट हलवली, भाड्याची हवेची गादी परत गेली. धोतराची फडकी धुऊन घडी घालून ठेवली आहेत. घाण्यावरचं तेल मी अजून आणते, आणि कूस बदलायच्या वेळेला ते माझ्या पायांना लावते.