तहानलेल्या वॉर्डातला धबधबा

बायकांच्या वॉर्डात धबधबा टांगणारी शहाणी मीच. चित्रकलेच्या दोन परीक्षा पास, वकिलाची बायको, आणि अक्कल बेताची. पन्नासच्या दशकातली गोष्ट. अमरावतीच्या एका धर्मादाय दवाखान्याला चित्र हवं होतं. महिला मंडळानं ते काम माझ्या गळ्यात मारलं आणि मी ते हारासारखं मिरवलं.

वैशाखात ऊन मी म्हणत होतं. डोळ्यांना गारवा हवा, म्हणून मी अकोल्याहून चांगला दोन हात उंच धबधबा काचेत मढवून आणला. आजारी माणूस आडवा असतो, एवढं मला कळत होतं. म्हणून रिकाम्या खाटेवर पदर सावरून स्वतः झोपले आणि "थोडं खाली, थोडं डावीकडे" करत शिपायाकडून बरोबर नजरेसमोर खिळा ठोकून घेतला. इतका विचार करून केलेला मूर्खपणा पुन्हा माझ्या हातून झाला नाही. बिनविचाराचे पुष्कळ झाले.

चार दिवसांनी कौतुक ऐकायला गेले. समोरच्या खाटेवर चांदूर बाजाराकडची एक बाई होती. आदल्या दिवशी तिच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं. पाण्याचा थेंब द्यायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. नर्स अधूनमधून ओला कापूस ओठांना लावायची, तेवढंच.

"बाई, हे तुमी लावलं काय?"

"हो. आवडलं ना?"

"कालपासून घोटभर पाणी मांगून राहिलो, कोणी देत नाई. अन् तुमी समोर धो धो सोडून ठेवलं. माह्यावर कावून खार खाता?"

शेजारच्या खाटेवरची म्हणाली, "डोये मिटून घे ना वो."

"मिटलं तं आवाज येते."

मी तशीच दवाखान्याच्या चिटणीसांच्या खोलीत गेले. चित्र आत्ता काढा म्हटलं. ते हसले. "वहिनी, कागदावरच्या पाण्यानं कुणाची तहान वाढते होय?"

"तुमच्या निर्जळी एकादशीला मी समोर बसून उसाचा रस पिते. मग सांगा."

"पण शेठजी रविवारी बघायला येणार आहेत. त्यांनी दिलंय ते."

दिलं होतंच. चौकटीखाली त्यांचं नाव धबधब्यापेक्षा ठळक रंगवलेलं होतं.

"मग तिला रविवारपर्यंत तहान आवरायला सांगू?"

"तुम्ही चित्रकलेचं बघा. दवाखान्याचं आम्ही बघतो."

माझं डोकंच फिरलं. त्या वॉर्डासाठी चित्र निवडणारी मी, पैसे देणारे शेठ, ठेवायचं की काढायचं ते ठरवणारे चिटणीस. आम्हा तिघांपैकी कुणी त्या खाटेवर तहानेनं पडलेलं नव्हतं. मी पडले होते, पण घरून सरबत पिऊन. आजही मोठ्या दवाखान्यांत जाते तेव्हा बघते, भिंतीवरचं सगळं उभ्याउभ्या येणाऱ्या पाहुण्यांसाठीच असतं. अजून संताप होतो.

वॉर्डात येऊन मी स्टूल ओढलं, पदर खोचला आणि वर चढले. चिटणीस दारातून "वहिनी, खाली उतरा" म्हणत राहिले. उतरले, पण धबधबा घेऊनच. व्हरांड्यात नेऊन त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

परत आत आले. तिथं दुसरं काय लावू, असं मी त्या बाईला विचारलं. उघड्या भिंतीकडे बघत ती म्हणाली, "आता काई लावू नका, बाई. खिया तेवढा राहू द्या, माही पिशवी टांगाले जागा नाई."